पीचचा सॉर्बे: साखर मोजा, मग यंत्राचा विचार करा

मे-जूनमध्ये पंजाब, हिमाचल आणि उत्तराखंडाकडचे पीच मुंबई-पुण्याच्या फळबाजारात दिसू लागतात. अमेरिकेतल्या मराठी घरांत जुलै-ऑगस्टमध्ये हे फळ पेटीनंच येतं. आणि मग घरी सॉर्बे करून पाहिलेल्यांच्या त्याच त्या अडचणी कानावर येतात. रात्री फ्रीझरमध्ये ठेवलेला सॉर्बे सकाळी दगड झालेला असतो, चमचा शिरत नाही. गर चाखला तेव्हा छान गोड होता, गोठल्यावर बेचव लागतो. फोडी मिक्सरपर्यंत पोहोचेतो तपकिरी होतात. आणि शेवटचा प्रश्न हमखास: आइस्क्रीमचं यंत्र घरात नसेल तर या वाटेला जावं का?

फोडी तपकिरी पडण्याचं कारण वेगळं आहे, त्याकडे पुढे येऊ. बाकीच्या सगळ्या अडचणी साखरेच्या प्रमाणापाशी येऊन थांबतात. सॉर्बेत दूध नसतं, साय नसते, अंडं नसतं. फळ, पाणी, साखर आणि थोडा आंबटपणा, एवढाच त्याचा संसार. आइस्क्रीमला मऊ ठेवायला स्निग्धता मदतीला असते, सॉर्बेला ती नाही. त्यामुळे साखर इथे गोडीसोबत मऊपणाचंही काम करते. पाण्यात विरघळलेली साखर सगळं पाणी एकदम गोठू देत नाही. साखर पुरेशी असेल तर फ्रीझरमध्येही थोडं पाणी द्रव राहतं आणि चमचा शिरतो. ती कमी पडली की महागड्या यंत्रातूनही शेवटी गोड बर्फच निघतो.

बाजारात पीच कसा निवडाल

पीचच्या गालावरची लाली पाहून भुलू नका. ती जातीवर आणि उन्हावर अवलंबून असते, पिकण्यावर नाही. लालीच्या मागचा मूळ रंग बघा, विशेषतः देठाजवळचा. तिथे हिरवट झाक असेल तर फळ कच्चं उतरवलेलं आहे. पिवळ्या गराच्या जातीत तो भाग सोनेरी पिवळा आणि पांढऱ्या गराच्या जातीत सायीसारखा दिसायला हवा. मग फळ नाकाशी धरा. पिकलेल्या पीचचा वास हातभर अंतरावरूनही येतो, आणि ज्याला वास नाही त्याच्या सॉर्बेलाही वास येणार नाही.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: झाडावरून उतरवलेला पीच नंतर मऊ होतो, त्याचा सुगंध खुलतो, पण त्याची साखर वाढत नाही. केळ्यात स्टार्च साठलेला असतो आणि पिकताना त्याची साखर होते. पीचजवळ असा साठा नसतो. म्हणून कच्चा घेऊन घरी गोड करू, हा हिशेब पीचला लागू पडत नाही. खूप लांबचा प्रवास करून आलेली फळं बरेचदा थोडी आधीच तोडलेली असतात. आपल्याकडे मिळणाऱ्या पीचमध्ये साखर थोडी जास्त घालावी लागते ती यामुळेच.

कुठे, केव्हा आणि काय मिळतं, ते थोडक्यात:

- भारतात: पंजाबातल्या ‘फ्लोरिडा प्रिन्स’, ‘शान-ए-पंजाब’ यांसारख्या लवकर येणाऱ्या जाती एप्रिलअखेर ते मे महिन्यात. हिमाचलात सिरमौर जिल्ह्यातला राजगढचा पट्टा आणि उत्तराखंडात नैनिताल जिल्ह्यातलं रामगढ पीचसाठी नावाजलेलं आहे. तिकडचा माल साधारण जून-जुलैत येतो. उत्तर भारतीय विक्रेत्याकडे ‘आडू’ म्हणून मागा.
- अमेरिकेत: ‘पीच स्टेट’ हे बिरुद जॉर्जियाचं असलं तरी सर्वांत जास्त पीच कॅलिफोर्नियात होतात, आणि साउथ कॅरोलायनाही जॉर्जियाच्या पुढे आहे. हंगामाच्या सुरुवातीच्या फळांची कोय गराला चिकटलेली असते, नंतरच्या फळांची सुटी होते. सॉर्बेसाठी सुट्या कोयीचा माल घ्या, निम्मे कष्ट वाचतात.
- ऑस्ट्रेलियात: हंगाम उलटा, डिसेंबर ते फेब्रुवारी. मेलबर्नजवळ राहणाऱ्यांना शेपर्टन भागातला माल मिळतो.

पांढऱ्या गराचा पीच खायला नाजूक आणि सुवासिक, पण आंबटपणा कमी. त्याचा सॉर्बे मिळमिळीत होतो, आणि तो काळाही लवकर पडतो. पहिल्यांदा करत असाल तर पिवळाच घ्या.

भारतात खोक्यानं घेत असाल तर दोन गोष्टी मागून घ्या. वजन खोक्याशिवाय, निव्वळ फळाचं करून द्यायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. आणि वरच्या थराखालची चार-पाच फळं काढून दाखवायला लावा. मापात फसवणूक झाली असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. कॅल्शियम कार्बाइडनं फळं पिकवायला अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे. फळांच्या थरात पावडरीच्या पुड्या दिसल्या तर तो माल घेऊ नका.

घरी आणल्यावर फ्रिजमध्ये टाकू नका

ही चूक फार होते, आणि फळाची चव इथेच जाते. कडक पीच फ्रिजमध्ये गेला की त्याचं पिकणं बिघडतं. बाहेर काढल्यावर तो मऊ होतो, पण गर पिठूळ, कोरडा, लोकरीसारखा लागतो आणि रसच सुटत नाही. साधारण २ ते ८ अंश सेल्सिअस ही पीचला सर्वांत वाईट थंडी, आणि आपल्या फ्रिजचं तापमान नेमकं त्यातच पडतं.

कडक फळं कागदी पिशवीत, देठाची बाजू खाली करून, एका थरात बाहेरच ठेवा. लवकर पिकायला हवी असतील तर सोबत एक केळं ठेवा. आपल्या उन्हाळ्यात एक-दोन दिवस पुरतात, थंड हवेत तीन-चार लागतात. देठाजवळ अंगठ्यानं हलकं दाबल्यावर फळ दबलं की ते तयार. मग हवं तर एक-दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा, पिकलेल्या फळाला तेवढ्यानं धक्का लागत नाही.

डाग पडलेली, एका बाजूनं मऊ झालेली पिकलेली फळं स्वस्तात मिळाली तर जरूर घ्या. नासलेला भाग काढून टाकला की सॉर्बेला ती उत्तम. बुरशी दिसली तर मात्र ते फळ फेकूनच द्या.

साखरेचा हिशेब

तयार मिश्रणाच्या एकूण वजनाचा साधारण चौथा हिस्सा साखर असायला हवी. म्हणजे १ किलो मिश्रणात २५० ग्रॅमच्या आसपास, फळातली साखर धरून. २२ टक्क्यांच्या खाली गेलात तर सॉर्बे दगड होतो. ३० टक्क्यांच्या वर गेलात तर तो नीट गोठतच नाही, चिकट राबडीसारखा राहतो.

पिकलेल्या पीचच्या गरात साधारण १० टक्के साखर असते. फळ पाणचट असेल तर ८, फार गोड असेल तर १२-१३. त्यावरून हे प्रमाण निघतं:

- सालं आणि कोयी काढलेला पीचचा गर: ७०० ग्रॅम (साधारण १ किलो फळं, भारतीय लहान फळं असतील तर थोडी जास्त)
- साखर: १५० ग्रॅम
- लिक्विड ग्लुकोज: ४० ग्रॅम
- पाणी: ८० ग्रॅम
- लिंबाचा रस: २ मोठे चमचे
- मीठ: चिमूटभर

याचं जवळपास १ किलो मिश्रण होतं. गरातली ७०, घातलेली १५० आणि ग्लुकोजमधली ३०-३२ धरून साखर २५० ग्रॅम भरते. म्हणजे हवा तो चौथा हिस्सा. फळ फिकं असेल तर आणखी २० ग्रॅम साखर घाला. यंत्राशिवाय करणार असाल तरीही २०-२५ ग्रॅम वाढवा, कारण हातानं ढवळलेल्या सॉर्बेला यंत्राइतकी हवा मिळत नाही आणि तो जास्त घट्ट बसतो.

लिक्विड ग्लुकोज कशाला? केक-चॉकलेटचं सामान मिळतं त्या दुकानात हे डब्यात मिळतं. साखरेपेक्षा कमी गोड असतं आणि बर्फाचे मोठे खडे धरू देत नाही. ते नसेल तर साखर १८५ ग्रॅम घ्या, काम होतं. मधही चालतो, पण ४० ग्रॅमच्या वर घातलात तर पीच हरवतो आणि मधच लागतो. शिवाय एका वर्षाखालच्या बाळाला मध घातलेलं काहीही देऊ नका.

गूळ घालू का? नको. गुळाला स्वतःची जोरदार चव आहे, पीच त्याच्यापुढे टिकत नाही, आणि रंगही मातकट होतो.

जीएमएस-सीएमसी पावडर? घरी दुधाचं आइस्क्रीम करणाऱ्यांच्या कपाटात या दोन्ही असतात. जीएमएसचं काम स्निग्धता आणि पाणी एकत्र धरून ठेवण्याचं. सॉर्बेत स्निग्धताच नाही, म्हणून ती इथे निरुपयोगी. सीएमसी मात्र उपयोगी पडते: १ किलो मिश्रणाला १ ते २ ग्रॅम, आधी कोरड्या साखरेत नीट मिसळून. थेट ओल्यात टाकली तर गुठळ्या होतात आणि मग काही केल्या मोडत नाहीत. दोन दिवसांत संपवणार असाल तर हिचीही गरज नाही.

वजनकाटा नसेल तर तो घ्या. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा यंत्रापेक्षा कितीतरी स्वस्त आहे आणि सॉर्बेला त्याचा उपयोग यंत्रापेक्षा जास्त होतो. वाट्यांची मापं इथे दगा देतात: बारीक आणि जाड साखरेची वाटी सारखी भरत नाही, आणि ठेचलेल्या व चिरलेल्या पीचचीही नाही.

अंडं खाणाऱ्या घरात एक जुनी परीक्षा करता येते. स्वच्छ धुतलेलं ताजं अंडं कवचासकट, न फोडता, गाळलेल्या थंड मिश्रणात अलगद सोडा. ते तरंगून वर एक रुपयाच्या नाण्याएवढा भाग उघडा राहिला तर साखर बरोबर आहे. बुडालं किंवा जेमतेम टोक दिसलं तर साखर वाढवा. फार वर आलं तर थोडं पाणी घाला. अंडं शिळं असेल तर तसंही तरंगतं, म्हणून ताजंच हवं. मिश्रण फार दाट असेल तर ही परीक्षा फसते. तेव्हा गाळून पातळ केलेला थोडा भाग ग्लासात घेऊन बघा.

चाखताना एवढं ध्यानात ठेवा: मिश्रण तुम्हाला किंचित जास्त गोड आणि किंचित जास्त आंबट वाटायला हवं. थंडीत जिभेला गोडी कमी कळते. खोलीच्या तापमानाला ‘अगदी बरोबर’ वाटलेलं मिश्रण गोठल्यावर बेचव होतं, ते यामुळे.

सालीपासून मिश्रणापर्यंत

पीच वाहत्या पाण्याखाली नीट चोळून धुवा, वरची लव निघून जाऊ द्या. सालीचा आपण उपयोग करणार आहोत, म्हणून इथे घाई नको.

१. प्रत्येक फळाच्या बुडाशी सुरीनं फुलीसारखी चीर द्या. उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट ठेवा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. टोमॅटोची साल काढतो तशी ही सालही सुटून येते. नाही सुटली तर फळ पुरतं पिकलेलं नाही.

२. त्या साली फेकू नका. पाणी, साखर आणि साली एका भांड्यात घालून साखर विरघळेपर्यंत मंद आचेवर ठेवा, उकळी आली की दोन मिनिटांनी उतरवा. लाल सालीच्या फळांचा रंग पाकात उतरतो आणि सॉर्बेला पहाटेच्या आभाळासारखी गुलाबी झाक येते. गाळून घ्या, ग्लुकोज घाला, पूर्ण गार होऊ द्या. वरून कोणताही रंग घालण्याची गरज पडत नाही.

३. लिंबाचा रस मोठ्या भांड्यात आधी घ्या आणि फोडी कापत जाल तशा त्यातच घोळवत जा. कापलेल्या फळातलं एक विकर हवेच्या संपर्कात गर तपकिरी करतं, आंबटपणा त्याला आवरतो. सगळी फळं कापून झाल्यावर शेवटी लिंबू पिळलंत तर उशीर झालेला असतो.

४. कोय चिकटलेली असेल तर ओढाताण करू नका. आंब्याच्या फोडी काढतो तशा कोयीच्या दोन्ही बाजूंनी फोडी काढा आणि उरलेला गर सुरीनं खरवडा. कोयीचा तुकडा मिक्सरमध्ये जाणार नाही याची खात्री करा. कोयीच्या आतल्या बीमध्ये ॲमिग्डालिन असतं. ती चिरडली की त्यातून सायनाइड सुटतं. ‘बदामासारखा वास येतो’ म्हणून ती बी वाटून घालण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका.

५. फोडी, गार पाक आणि मीठ मिक्सरला बारीक फिरवा. गर तंतुमय असेल तर चाळणीतून गाळा.

६. झाकण लावून फ्रिजमध्ये किमान चार तास, जमल्यास रात्रभर ठेवा. हे टाळू नका. कोमट मिश्रण गोठायला वेळ लागतो, आणि जितका वेळ लागतो तितके बर्फाचे खडे मोठे होतात.

कच्चा की शिजवलेला? पिकलेल्या, वासाच्या फळांचा कच्चाच करा, त्याला तोड नाही. फळं थोडी तुरट किंवा फिकी निघाली तर फोडी पाकात पाच मिनिटं शिजवून मग फिरवा. शिजवल्यानं तुरटपणा मावळतो, रंग गडद होतो आणि तपकिरी पडण्याची भीती उरत नाही. ताजेपणा मात्र थोडा जातोच. निम्म्या फोडी शिजवून निम्म्या कच्च्या ठेवणं हा मुंबई-पुण्यात मिळणाऱ्या बहुतेक मालासाठी मला सर्वांत पटणारा मार्ग आहे.

गोठवण्याचे पर्याय

आइस्क्रीमचं यंत्र. ज्याचं भांडं आधी गोठवावं लागतं ते भांडं पूर्ण २४ तास फ्रीझरमध्ये हवं. हलवल्यावर आत द्रवाचा आवाज आला तर ते तयार नाही. यंत्र चालू करून मगच मिश्रण ओता. २०-२५ मिनिटांत मऊ सॉर्बे तयार होतो. तो डब्यात भरून आणखी चार तास फ्रीझरमध्ये घट्ट होऊ द्या.

पॉट आइस्क्रीमची लाकडी बादली. ज्या घरांत माळ्यावर हा पॉट अजून आहे त्यांनी तो खाली काढावा, कारण सॉर्बेला यापेक्षा चांगलं साधन क्वचितच असेल. बर्फ सुपारीएवढा फोडा. चार भाग बर्फाला एक भाग खडेमीठ, असे थर डब्याभोवती द्या. मिठानं बर्फ वितळतो आणि वितळताना उष्णता ओढून घेतो. त्या खारट पाण्याचं तापमान शून्याखाली दहा-पंधरा अंशांपर्यंत उतरतं. नुसत्या बर्फाला ते जमत नाही. आतला डबा दोन-तृतीयांशच भरा, गोठताना मिश्रण फुगतं. दांडा आधी संथ आणि घट्ट होऊ लागला की जोरानं फिरवा. फिरवणं पार जड झालं की थांबा. बादलीच्या भोकातून खारं पाणी वाहू द्या, ते झाकणाच्या पातळीपर्यंत चढू देऊ नका. झाकण उघडण्याआधी फडक्यानं कोरडं पुसा, मिठाचे चार थेंबही सगळं बिघडवतात. आणि ते पाणी कुंडीत ओतू नका, झाड मरेल.

काहीच साधन नसेल तर दोन रस्ते आहेत:

- मिश्रण स्टीलच्या पसरट ताटलीत किंवा केकच्या भांड्यात दोन-अडीच सेंटीमीटर जाडीचं पसरा. कडा गोठू लागल्या की काट्यानं खरवडून मध्ये आणा. दर ४० मिनिटांनी असं तीन-चार वेळा करा. शेवटी मिक्सरला फिरवून डब्यात भरा.
- मिश्रण बर्फाच्या ट्रेमध्ये पूर्ण गोठवा आणि खायच्या आधी त्या वड्या मिक्सरमध्ये थोड्या थोड्या करून फिरवा. हा सोपा मार्ग आहे. मात्र सलग फिरवू नका, बटण थांबून थांबून दाबा. सलग चालवलं तर मोटर तापते आणि सॉर्बे पाझरू लागतो.

सिंगल डोअर फ्रिजचा वरचा बर्फाचा कप्पा मोठ्या फ्रीझरइतका, म्हणजे उणे १८ अंशांपर्यंत, थंड होत नाही. आदल्या रात्री नॉब सर्वांत थंडवर ठेवा, कप्प्यातला साचलेला बर्फ काढून टाका आणि भांडं थेट कप्प्याच्या तळावर टेकेल असं ठेवा. अशा फ्रिजमध्ये साखर वाढवू नका, मूळ प्रमाणच ठेवा, नाहीतर सॉर्बे घट्टच होणार नाही.

बिघडलं तर काय कराल

- दगड झाला: वितळवा, ५० ग्रॅम साखरेचा दाट पाक गार करून मिसळा, पुन्हा गोठवा. नुसता बाहेर ठेवून मऊ केलात तर कडा पाणी होतात आणि मधला गोळा तसाच राहतो.
- गोठतच नाही: साखर किंवा मद्य जास्त झालं आहे. पीचचा गर किंवा पाणी वाढवा. मोठ्यांसाठी व्होडका घालायची तर किलोला १ ते २ मोठे चमचे पुरे. त्यानं सॉर्बे मऊ राहतो, पण जास्त झाली की गोठत नाही.
- खडेखडे लागतात: मिश्रण पुरेसं थंड नव्हतं किंवा ढवळणं कमी पडलं. वितळवून, थंड करून पुन्हा फिरवा.
- वीज गेली: सॉर्बे सैल झाला पण अजून थंडगार असेल तर पूर्ण वितळवून पुन्हा फिरवा, तसाच गोठवलात तर खडे होतील. पार वितळून कोमट झाला असेल तर टाकून द्या.

साखर कमी करायची असेल तर

हा प्रश्न घराघरातला आहे आणि त्याचं सरळ उत्तर द्यायला हवं. दूध नाही म्हणून सॉर्बे हलका, हा समज पुष्कळांचा असतो. वरच्या प्रमाणातल्या १०० ग्रॅम सॉर्बेत एकूण २५ ग्रॅम, म्हणजे पाच लहान चमचे साखर आहे, त्यातली १८ ग्रॅम आपण वरून घातलेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशी साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली आणि शक्यतो ५ टक्क्यांखाली असावी. ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. मधुमेह असलेल्यांनी किती खायचा हे आपल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं.

स्टीव्हिया किंवा सुक्रालोजच्या गोळ्यांनी हा प्रश्न सुटत नाही. त्या गोडी देतात, पण इतक्या कमी प्रमाणात लागतात की गोठण्यावर त्यांचा काही परिणाम होत नाही. मग गोड चवीचा बर्फ मिळतो.

खरोखर साखर कमी हवी असेल तर सॉर्बेचा हट्ट सोडा आणि ग्रानिटा करा. साखर ५०-६० ग्रॅमवर आणा, ग्लुकोज वगळा, पाणी दुप्पट करा. मिश्रण ताटलीत गोठवा आणि काट्यानं खरवडून त्याचा भुसभुशीत बर्फ करा. तो खडबडीतच असायचा असतो, म्हणून साखर कमी असल्याचा दोष त्यात दिसत नाही.

पीच खाल्ल्यावर ओठ-तोंड खाजणं, घसा खवखवणं असं कुणाला होत असेल तर त्यांना कच्च्या पीचचा सॉर्बे देऊ नका. ओठ-चेहरा सुजला किंवा श्वासाला त्रास झाला तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे जा.

विकत घेत असाल, विकत असाल

दुकानातला डबा उचलताना मागचं घटकांचं लेबल वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिणं बंधनकारक आहे. पीच पहिल्या दोन-तीन नावांत नसेल तर तुम्ही साखर, पाणी आणि इसेन्स विकत घेत आहात. ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलेल्या डब्यात वनस्पती तेल असतं, ते सॉर्बेही नाही आणि आइस्क्रीमही नाही. अमेरिकेत ‘शर्बेट’ लिहिलेल्या डब्यात थोडं दूध असतं, दूध न चालणाऱ्यांनी तो टाळावा.

घरी करून ओळखीपाळखीत विकायचा विचार असेल तर भारतात एफएसएसएआयची नोंदणी लागते. व्यवसाय घरगुती आणि छोटा आहे म्हणून त्यातून सूट मिळत नाही.

साठवण आणि वाढणी

उथळ, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, वरून पृष्ठभागाला चिकटेल असा प्लॅस्टिकचा कागद लावा. मासळी किंवा आलं-लसणाच्या वाटणाशेजारी ठेवू नका, सॉर्बे वास पटकन ओढतो. चव दोन आठवडे उत्तम राहते, नंतर सुगंध उतरू लागतो. वाढण्याआधी दहा मिनिटं डबा खालच्या फ्रिजमध्ये ठेवा, चमचा गरम पाण्यात बुडवून काढा. सोबत काही हवंच असेल तर पुदिन्याची दोन पानं किंवा मिश्रणातच किसलेल्या आल्याचा एक चमचा रस. वेलची आणि केशर मी यात घालत नाही, पीचचा वास त्यांच्याखाली दबतो.

पीच मिळालेच नाहीत तर

हापूसचा करायचा असेल तर हिशेब बदलतो, कारण आमरसात साधारण १८ टक्के साखर असते. ७०० ग्रॅम आमरसाला १३० ग्रॅम साखर, २०० ग्रॅम पाणी आणि लिंबाचा २ चमचे रस घ्या, ग्लुकोज नको. पीचचं प्रमाण तसंच आंब्याला लावलंत तर सॉर्बे अतिगोड आणि चिकट होतो.

परदेशात बारमाही मिळणाऱ्या पीचच्या गोठवलेल्या फोडी उत्तम असतात, त्यांना ताज्या फळाचंच प्रमाण लावा. डब्यातल्या, दाट पाकातल्या पीचमध्ये २० टक्क्यांच्या आसपास साखर आधीच असते. फोडी पाकासकट घ्या, त्यात लिंबाचा रस आणि एकूण चौथा हिस्सा भरेल एवढी साखर घालून मिक्सरला फिरवा आणि ट्रेमध्ये गोठवा. लेबलवर ‘लाइट सिरप’ लिहिलं असेल तर साखर जास्त लागेल. मात्र बंद डबा तसाच फ्रीझरमध्ये ठेवू नका, आतला पाक गोठताना फुगतो आणि डबा फुटतो.